मशीनचा व्हिडीओ टाकण्याआधी थांबा! तुमचा शोध कंपनीला ‘खंडाने’ देऊन रॉयल्टी कशी मिळवायची?

रंगपंचमीला पोरं हवा भरून लांबवर पाणी मारणारी मोठी पिचकारी घेऊन फिरतात ना, तिची गोष्ट आधी ऐका. मग आपल्या गावातल्या वेल्डिंगच्या शेडकडे येऊ.

लॉनी जॉन्सन हे अमेरिकेतले इंजिनिअर. १९८२ साली ते नोकरी सांभाळून घरी एक प्रयोग करत होते. थंडावा देणारं यंत्र फ्रिजमधल्या गॅसऐवजी पाण्यावर चालेल का, असा त्यांचा खटाटोप. बाथरूममध्ये तोटी जोडली आणि पाण्याची अशी जोरात धार सुटली की त्यांच्या मनात आलं, याची पिचकारी भारी होईल. त्यांनी पेटंटचा अर्ज केला. १९८६ मध्ये पेटंट मिळालं. आधी वाटत होतं की स्वतःच बनवून विकावी. पण कारखान्याने पहिल्या हजार नगांचा खर्च सांगितला दोन लाख डॉलर! पगारावर जगणारा माणूस एवढे पैसे आणणार कुठून?

मग त्यांनी दुसरी वाट धरली. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात लॅरामी नावाच्या कंपनीच्या लोकांना गाठलं. ‘आमच्या गावाकडे आलात तर या’ एवढंच उत्तर मिळालं. जॉन्सन खरंच फिलाडेल्फियाला गेले, बॅगेतून पीव्हीसी पाइप आणि सोड्याची बाटली जोडून केलेली पिचकारी काढली आणि मीटिंगच्या खोलीत आरपार धार मारून दाखवली. १९९० मध्ये ती बाजारात आली. पुढच्या वर्षी तिला ‘सुपर सोकर’ नाव दिलं आणि त्या एका वर्षात वीस कोटी डॉलरवर विक्री झाली. यात जॉन्सन यांनी कारखाना काढला नाही, दुकान टाकलं नाही. शोधाची मालकी आपल्याकडे ठेवली आणि वापरायचा हक्क कंपनीला दिला. दर नगामागे त्यांना वाटा मिळत राहिला.

आपल्याकडे हुशार कारागिरांची काही कमी नाही. जुन्या मोटरसायकलचं कोळपं, सायकलच्या चाकाचा डवरा, कांद्याची पात कापायचं यंत्र, फवारणीचा गाडा, एक ना दोन. हे सगळं गावातल्या शेडमध्ये तयार होतं, चार दिवस मोबाईलवर फिरतं आणि सहा महिन्यांत तेच अवजार दुसऱ्याच्या नावाने तालुक्याच्या दुकानात लागतं. मूळ माणसाला मिळतो एक सत्कार, शाल आणि नारळ.

पेटंट म्हणजे शोधाचा सातबारा

लायसन्स, रॉयल्टी, असाइनमेंट हे शब्द ऐकून घाबरू नका. हा व्यवहार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त जमिनीच्या बाबतीत.

पेटंट हा तुमच्या शोधाचा सातबारा समजा. त्यात ‘दावे’ लिहिलेले असतात, म्हणजे शोधातला नेमका कोणता भाग माझा ते. या दाव्यांना चतुःसीमा म्हणा. दरवर्षीची नूतनीकरण फी हा शेतसारा. आणि हा हक्क दुसऱ्याला द्यायचे दोन प्रकार आहेत. एक खरेदीखत, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन मालकीच देऊन टाकायची. त्याला असाइनमेंट म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे शेत खंडाने किंवा बटाईने देणे. मालक तुम्हीच, कसणारा दुसरा, आणि पिकातला वाटा तुम्हाला. याला लायसन्स म्हणतात आणि त्या वाट्याला रॉयल्टी.

फरक एवढाच की जमीन पिढ्यांना पुरते, पेटंट फक्त २० वर्षं. तीही अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही. आणि भारतातलं पेटंट फक्त भारतात चालतं.

सगळ्यात मोठी चूक: आधी दाखवणे, मग अर्ज करणे

पेटंट मिळायला शोध नवा लागतो. नवा म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो जगात कुठेही लोकांसमोर आलेला नसावा. यात तुम्ही स्वतः टाकलेला यूट्यूब व्हिडीओ, इन्स्टावरचं रील आणि पेपरातली बातमी हे सगळं धरलं जातं. आमच्यासारख्या पोर्टलवरची बातमीसुद्धा! म्हणून स्पष्टच सांगतो, आमचा बातमीदार उद्या तुमच्या शेडवर आला तरी आधी विचारा, ‘अर्ज झालाय का माझा?’ झाला नसेल तर त्याला चहा पाजा आणि महिनाभराने बोलवा.

प्रदर्शनाचंही तसंच. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला असेल तर त्यानंतर १२ महिन्यांत अर्ज करायची सवलत कायद्यात आहे. पण आपण जातो ती कृषी प्रदर्शनं आपोआप त्यात येतात असं अजिबात नाही. अधिसूचना दाखवा म्हटलं तर बहुतेक ठिकाणी कुणाला काही सांगता येत नाही. त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नका.

मग शेतात चाचणी करायची कशी? यंत्राचा स्वभावच असा असेल की उघड्यावर चालवल्याशिवाय कळणारच नाही, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातल्या वाजवी चाचणीला कायदा माफ करतो. तरीही आपल्या मळ्यात, घरच्या माणसांसमोर चालवा. ‘बघायला या’ म्हणून गाव गोळा करू नका.

आणखी एक गैरसमज खूप पसरलाय. स्टॅम्प पेपरवर चित्र काढून नोटरी केली, किंवा स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवलं, की हक्क मिळतो म्हणतात. तसं काही नाही. उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर, दुकानाचा परवाना यांचाही शोधाच्या मालकीशी संबंध नाही. आपल्याकडे ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी. वहीत तारीखवार नोंदी मात्र जरूर ठेवा. शोध तुमचाच आहे हे वादात दाखवायला त्या उपयोगी पडतात.

कशाचं पेटंट होतं, कशाचं नाही

यंत्र, अवजार, त्यातला नवा भाग, वस्तू बनवण्याची नवी प्रक्रिया यांचं होतं. पण शेती करण्याच्या पद्धतीचं पेटंट भारतात होत नाही. म्हणजे तुम्ही उसाच्या लागवडीचं नवं अंतर शोधलं, कितीही उत्पन्न वाढलं तरी ती पद्धत पेटंट होणार नाही. तीच लागवड करणारं नवं यंत्र बनवलं तर त्याचं होऊ शकतं. आजीच्या बटव्यातलं औषध, परंपरेने चालत आलेली माहिती, नुसता धंद्याचा हिशोब किंवा नुसतं मोबाईल ॲप, यांनाही पेटंट नाही. आणि पिकाच्या वाणालाही नाही.

वाणाचा विषय निघाला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतातच. पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे बाजूला ठेवले आणि वर्षानुवर्षं निवडत निवडत एक वाण तयार केलं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, त्यावरून वाणाचं नाव पडलं एचएमटी. आज बारीक तांदूळ घेणाऱ्या घरात हे नाव कुणाला सांगावं लागत नाही. हा तांदूळ राज्याराज्यांत पसरला, कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी हे वाणही आलं. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पण ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा शेवटचे दिवस आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेले होते. एवढ्या पोत्यांमागे रॉयल्टी म्हणून त्यांच्या हातात काही आलं नाही.

असं का झालं? त्यांचं वाण पसरलं १९९० च्या दशकात. वाणांवर शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदा, म्हणजे पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, आला २००१ मध्ये. तोवर बी हातोहात गावोगावी गेलं होतं. आज मात्र हा रस्ता उघडा आहे. तुम्ही स्वतः निवडलेलं वाण असेल तर बी वाटायच्या आधी दिल्लीच्या या प्राधिकरणाकडे नोंदणीची चौकशी करा. कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तरी वाट कळेल. हंगामी पिकांना १५ वर्षं आणि झाडं-वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं.

शोधात नवं काम काही नाही, पण वस्तूचा आकार, रूप, बाहेरची ठेवण नवी आहे? मग पेटंटऐवजी ‘डिझाइन’ नोंदणी असते. ती १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढवता येते. फक्त एक ध्यानात ठेवा. डिझाइनचं सर्टिफिकेट हातात देऊन ‘घ्या तुमचं पेटंट’ म्हणणारे एजंट आहेत. डिझाइनने फक्त दिसणं राखलं जातं. आतली यंत्रणा कुणीही दुसऱ्या डब्यात घालून विकू शकतो.

अर्ज कसा, खर्च किती

पहिलं काम फुकटचं आहे. गूगल पेटंट्सवर आणि पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर आपल्यासारखा शोध आधी कुणी लावलाय का ते शोधा. इंग्रजी जमत नसेल तर गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला बसवा. दोन दिवस जातील, पण पुढचे हजारो रुपये वाचतील.

दुसरं काम प्रोव्हिजनल अर्जाचं, म्हणजे तात्पुरत्या अर्जाचं. शोध पूर्ण पक्का झाला नसला तरी तो काय आहे आणि कसा चालतो हे लिहून, चित्रं जोडून तो करता येतो. एकट्या माणसाने ऑनलाइन केला तर सरकारी फी १,६०० रुपये. याने तुमची तारीख पक्की होते. तिथून १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशिलाचा अर्ज करावाच लागतो, नाहीतर पहिला अर्ज गेला म्हणून समजा. हे १२ महिने फार मोलाचे. यंत्र सुधारा, चाचण्या घ्या, कंपन्यांचे उंबरे झिजवा. कुणालाच रस दिसला नाही तर पुढचा मोठा खर्च न करता थांबता येतं. मात्र सुधारणा केलीत तर ती पूर्ण अर्जात घालायला विसरू नका. तात्पुरत्या अर्जात नव्हत्या त्या गोष्टींना जुनी तारीख मिळत नाही.

पुढे साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. तिची फी एकट्या माणसाला ऑनलाइन ४,००० रुपये आणि मुदत ३१ महिने. ही मागणी केलीच नाही तर अर्ज आपोआप मागे घेतला असं धरतात. अर्ज केला म्हणजे झालं या समजुतीत अनेकांचं इथंच बुडतं. तपासणी अधिकारी हरकती काढतो, त्यांना सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज घरातल्या व्यक्तींच्या नावाने असेल आणि त्यात एक जरी महिला अर्जदार असेल, तर जलद तपासणी मागता येते. तिची फी जास्त आहे. शोधात बायकोचा, लेकीचा खरा हातभार असेल तर तिचं नाव घालायला लाजू नका. पण नुसतं लवकर व्हावं म्हणून खोटं नाव मात्र घालू नका.

नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून लागतं. एकट्या माणसाला सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत वाढत शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला ८,०००. भरलं नाही तर पेटंट संपतं. ते पुन्हा जिवंत करायला १८ महिन्यांची मुदत असते, पण तोवर शेजारी ट्रॅक्टर घेऊन शिरलेला असतो.

सरकारी फी अशी परवडणारी आहे. खरा खर्च पेटंट एजंटचा किंवा वकिलाचा, आणि तो माणसागणिक बदलतो. चतुःसीमा लिहिण्याचं काम तो करतो, म्हणून तिथं फार कंजुषी नको. दावा ढिसाळ लिहिला तर दोन नट-बोल्ट बदलून कुणीही बाजूने निघून जातो. एजंट नोंदणीकृत आहे का ते पेटंट कार्यालयाच्या यादीत बघा. ‘सहा महिन्यांत पेटंट, हमखास’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

खिशात पैसे नाहीत, मग?

गुजरातमध्ये गांधीनगरला नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. २००० साली सुरू झालेली, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही स्वायत्त संस्था. तिच्यामागे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी उभं केलेलं ‘हनी बी नेटवर्क’. डिग्री नसलेल्या शेतकऱ्यांचे, मिस्त्रींचे शोध नोंदवायचे, लायक असतील तर पेटंट अर्जाला मदत करायची, पुढे कंपन्यांना हक्क देण्यापर्यंत हात द्यायचा, हे या संस्थेचं काम. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांचं सायकलवरचं कोळपं याच संस्थेने नोंदवलं. अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी मोटरसायकलच्या मागे अवजार जोडून ‘बुलेट सांती’ केलं, त्यांना तर भारताबरोबर अमेरिकेचंही पेटंट मिळालं. संस्थेचा प्रतिसाद यायला वेळ लागतो, सगळेच शोध घेतले जात नाहीत, हे धरून चाला. पाठवताना शोध गोपनीय ठेवा असं स्पष्ट लिहा.

कंपनीच्या दारात

इथं बहुतेकांची घाई होते. थेट सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टर कंपनीला पत्र लिहितात आणि उत्तर न आल्यावर खचतात. माझं मत विचाराल तर मधल्या आकाराचे कारखाने बघा. राजकोटकडचे अवजारवाले, कोल्हापूर-इचलकरंजीचे कारखानदार, आपल्याच जिल्ह्याच्या एमआयडीसीत फवारणी पंप, शेतीची अवजारं करणारे. ज्यांच्याकडे तुमच्यासारख्या वस्तूचे साचे, डीलर आणि गिऱ्हाईक आधीपासून आहेत, त्यांना तुमचा शोध पटकन कळतो. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं. तिथं स्टॉल न घेता नुसतं फिरा. कोण काय बनवतं, कुणाच्या मालात तुमची वस्तू बसेल, त्यांच्याकडे नवा माल कोण ठरवतो, हे विचारून नावं-नंबर लिहून आणा.

भेटीला जाताना एक पान पुरे. वर एका ओळीत फायदा: ‘दोन मजुरांचं दिवसाचं काम तीन तासांत’. खाली फोटो, बनवायचा अंदाजे खर्च, ‘पेटंट अर्ज केलेला आहे’ एवढी नोंद. सोबत मिनिटभराचा व्हिडीओ, अर्थात अर्ज झाल्यानंतरचा. खर्चाचा आकडा खरा सांगा. मालक लगेच विचारतो, ‘माझ्या चालू साच्यात बसेल का? पत्रा किती लागेल?’ याची उत्तरं तयार असतील तर बोलणं पुढे सरकतं. शेतकऱ्यांनी दोन हंगाम वापरून काय सांगितलं, हे त्याला तुमच्या कौतुकापेक्षा जास्त पटतं.

गोपनीयतेचा करार मागून बघा. पुष्कळ जण सही करत नाहीत, म्हणून तर अर्ज आधी. आणि उलट तुमच्याकडेच पैसे मागून ‘आम्ही कंपनी शोधून देतो, परदेशात विकून देतो’ म्हणणारे भेटले तर तिथंच रामराम करा. लायसन्समध्ये पैसा कंपनीकडून तुमच्याकडे येतो.

नकार भरपूर येतील. रॉन हिकमन यांचं उदाहरण घ्या. लोटस मोटारींचे हे डिझायनर. घरी लाकूडकाम करताना टेकायला नीट जागा नाही म्हणून चांगल्या खुर्चीवरच करवत चालवली आणि खुर्ची कापली गेली. त्यातून त्यांनी घडी घालता येणारा, लाकूड पकडून ठेवणारा कामाचा बाक केला. कंपन्यांनी नाकारला, ब्लॅक अँड डेकरनेही. मग १९६८ पासून त्यांनी थोडे थोडे स्वतः बनवून विकले. माल खपतोय हे दिसल्यावर त्याच ब्लॅक अँड डेकरने हक्क घेतले आणि १९७२ नंतर ‘वर्कमेट’ जगभर गेला. म्हणजे दहा-वीस नग आपल्या शेडमध्ये करून, बिल फाडून विकणं हाही कंपनीला पटवायचा एक रस्ता आहे. फक्त अर्ज आधी झालेला असू द्या.

करारात काय बघायचं

तोंडी व्यवहार इथं चालतच नाही. पेटंटचं लायसन्स लेखी असल्याशिवाय कायद्याने ग्राह्य नाही. आणि करार झाला की पेटंट कार्यालयात त्याची नोंद करायची. ही आपली फेरफार नोंद.

रॉयल्टी बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत असते. पण टक्का कशावर, हा खरा प्रश्न. दुकानातल्या छापील किमतीवर क्वचितच मिळते, कारखान्याच्या विक्री किमतीवर मिळते. समजा कारखाना यंत्र ८,००० ला डीलरला देतो आणि रॉयल्टी ४ टक्के. नगामागे तुम्हाला ३२० रुपये. वर्षाला ६०० नग गेले तर १ लाख ९२ हजार. आता करारात ‘सर्व खर्च वजा जाता नफ्यावर ४ टक्के’ असं लिहिलं असेल, तर खर्च दाखवणारा तोच आणि नफा ठरवणारा तोच. ‘नफ्यावर’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

दुसरी गोष्ट किमान रॉयल्टी. पाऊस पडो न पडो, खंड ठरलेला असतो ना? तसं. माल विकला नाही तरी वर्षाला ठरलेली किमान रक्कम द्यायची, नाहीतर हक्क परत. हे कलम नसेल तर काही कंपन्या शोध घेतात आणि पडीक ठेवतात, कारण तो बाजारात आला तर त्यांचाच जुना माल पडून राहील. तुम्ही मात्र सही करून अडकलेले असता. सोबत सुरुवातीला काही रक्कम आगाऊ मागा. आगाऊ पैसे दिलेला माणूस काम हातावेगळं करतो.

एकाच कंपनीला सगळे हक्क द्यायचे की चार जणांना? एकालाच दिले तर टक्का आणि किमान रक्कम चढी मागता येते. एक मोठा फायदा असा की सगळे हक्क घेतलेली कंपनी नक्कल करणाऱ्यावर स्वतः दावा लावू शकते. तुमच्या-माझ्यासारख्याला वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा झेपत नाहीत, तिला झेपतात. पण मग किमान रॉयल्टी आणि माल बाजारात आणायची तारीख करारात हवीच हवी. राज्यनिहाय वेगवेगळ्या कारखान्यांना देणंही चालतं.

हिशोब तपासायचा हक्क लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी किती नग विकले याचा कागद, आणि शंका आली तर तुमच्या सीएला वह्या दाखवायची अट. जॉन्सन यांचीच पुढची गोष्ट सांगतो. लॅरामी कंपनी पुढे हॅस्ब्रोने घेतली. रॉयल्टी कमी मिळतेय म्हणून वाद झाला आणि २०१३ मध्ये लवादाने जॉन्सन यांना ७ कोटी २९ लाख डॉलर मंजूर केले. त्यांच्या हातात करार होता म्हणून हे झालं.

भावाभावांत किंवा मित्राबरोबर पेटंट असेल तर ते सामायिक क्षेत्रासारखंच. स्वतः वापरायला प्रत्येकजण मोकळा, पण सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणालाही लायसन्स देता येत नाही आणि हिस्साही विकता येत नाही. आज एकत्र बसता तेव्हाच कुणाचा वाटा किती ते कागदावर घ्या. कंपनी दारात आल्यावर भांडण काढलं तर कंपनी उठून जाते.

यावर पोट भरेल का?

खरं सांगायचं तर पहिल्या शोधावर बहुतेकांचं भरत नाही. पेटंट मिळालेल्या कितीतरी वस्तू कधी बाजारातच येत नाहीत. म्हणून शेत गहाण टाकून, नोकरी सोडून, बायकोचे दागिने मोडून यात उडी घेऊ नका. जॉन्सन यांनी नोकरीत राहूनच पिचकारी तयार केली. हिकमन यांचं बाकाचं वेडही मोटारींच्या नोकरीत असतानाच सुरू झालं.

याचा धंदा करणारे लोक एकाच शोधाला कवटाळून बसत नाहीत. एकच क्षेत्र धरतात, फवारणी म्हणा, दुग्धव्यवसाय म्हणा, स्वयंपाकघर म्हणा. त्यातले कारखानदार, डीलर, मिस्त्री ओळखीचे करतात. दहा कल्पनांतल्या आठ वहीतच सोडतात, दोनांचा तात्पुरता अर्ज करतात, त्यातली एखादी कुणी घेतं. एकदा एका कारखान्याने तुमची वस्तू विकून पैसा केला की दुसऱ्या वेळी तोच फोन करतो, ‘नवीन काय आहे?’ इथंवर यायला वर्षं लागतात. तोवर फॅब्रिकेशनची कामं, दुरुस्ती, शेती चालू ठेवायची.

नक्कल झालीच तर? अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनचे हक्क धरले जातात, पण दावा पेटंट मंजूर झाल्यावरच लावता येतो. तो जिल्हा न्यायालयात लागतो. समोरच्याने पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणून आधी नोटीस, मग बोलणी. नक्कल करणाऱ्यालाच लायसन्स देऊन रॉयल्टी सुरू केली तर तोही व्यवहारच आहे. त्याने साचे तर केलेलेच असतात!

रॉयल्टी देताना कंपनी टीडीएस कापते, तेव्हा पॅन आधी द्या. जुन्या करपद्धतीत पेटंटच्या रॉयल्टीवर खऱ्या शोधकर्त्याला वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट आहे, ती सीएला आठवण करून मागा.

महाराष्ट्राचं पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात आहे. पण तिथवर जायची गरज नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. फी आणि फॉर्म बदलत असतात, भरण्याच्या दिवशी वेबसाइटवर एकदा बघून घ्या: आयपीइंडिया डॉट गव्ह डॉट इन.